सायकलवर एकटीनं मेळघाट: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

परतवाड्याच्या एका टपरीवर मी चहा घेत होते. सायकल भिंतीला टेकवलेली, मागच्या कॅरिअरला दोन बॅगा, दांडीला पाण्याच्या बाटल्या. बाकावरच्या आजोबांनी आधी सायकल नीट न्याहाळली, मग मला.

"कुठी चालली बाई?"

"चिखलदऱ्याले."

"सायकलनं? अन् एकटीच? काऊन, यष्टी बंद हाये का?"

हौस आहे म्हणून सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नसावं, पण चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाले, "धामनगाव गढीले पानी भरून घेजो. मंग घाट लागते, तिथं कोनी भेटत नाई." त्या दिवशी मिळालेला सगळ्यात उपयोगाचा सल्ला तोच होता आणि मी तो ऐकला नाही. एक बाटली अजून अर्धी आहे, वर कुठेतरी हापसा लागेल, असं म्हणत गढी मागे टाकली. अर्ध्या घाटात जीभ टाळूला चिकटली. वरच्या मोथा गावाकडून दुधाचे कॅन घेऊन उतरणाऱ्या एका मोटारसायकलवाल्या दादांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं म्हणून पुढे जाता आलं.

त्यानंतर मी हा घाट बरेचदा चढले. मागे गाडी नाही, सोबत कुणी नाही, सगळं सामान आपल्याच सायकलवर. आता ओळखीतल्या मुली, शाळेतली पोरं, कधी त्यांचे वडीलही विचारतात की सुरुवात कशी करायची. त्या सगळ्यांना मी आधी एकच सांगते: जे ठरवायचं ते घरी ठरवा. घाटात तुम्ही दमलेले असता, ऊन डोक्यावर असतं आणि विचारायला शेजारी कुणी नसतं. अशा वेळी डोकं नेहमी सोपं उत्तर देतं. पाणी कुठे भरायचं, किती वाजता थांबायचं, काय झालं तर परत फिरायचं, हे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि रस्त्यात तो कागद सांगेल तसं वागा.

रस्ता आणि दिवस

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. एक घाट चढून संपला असं होत नाही, चढ-उतार-चढ असं चालूच राहतं. पहिल्या खेपेला पाच दिवस हाताशी ठेवा.

पहिला दिवस अमरावती ते परतवाडा, साधारण ५० किलोमीटर, सगळा सपाट. अनुभवी माणूस हे अर्ध्या दिवसात करतो, पण हा दिवस अंतर कापायचा नाही, सायकल आणि सामान तपासायचा आहे. काही ढिलं असेल तर ते आज कळू द्या, कारण परतवाड्यात दुकानं आहेत आणि पुढे नाहीत. वाटेत वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. मी दर वेळी तिथे पाच मिनिटं उतरते. आयुष्यभर एक गाडगं, एक खराटा आणि अंगावरच्या चिंध्या एवढ्या सामानावर महाराष्ट्र पालथा घातलेला माणूस. त्या पुलावर उभं राहून आपल्या बॅगांकडे पाहिलं की हमखास काहीतरी जास्तीचं दिसतं. एकदा तर मी वलगावच्या एका ताईंकडे जाड चादर ठेवून पुढे गेले होते, परतताना घेतली.

दुसरा दिवस परतवाडा ते चिखलदरा. धामणगाव गढी आणि मोथ्यावरून साधारण ३० किलोमीटर. अंतर ऐकून हसू नका. परतवाड्याच्या सपाटीवरून सुमारे ७०० मीटर वर जायचं आहे आणि ती उंची जवळजवळ सगळी गढीनंतर येते.

तिसरा दिवस चिखलदऱ्यात मुक्काम. पाय मोकळे करायला गाविलगडावर चालत जा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला मराठ्यांकडून जिंकला, आणि तटावरून खाली पाहिलं की हा डोंगर वऱ्हाडाच्या सपाटीवर कसा पहारा देत उभा आहे ते कळतं. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, ती प्या. मोथ्याकडचा गवळ्यांचा खवाही खा, दुसऱ्या दिवशीच्या घाटात तो जिरतो.

चौथा दिवस घटांगवरून सेमाडोहला. पाचवा दिवस सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत धारणी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बराचसा सिपना नदीच्या सोबतीनं. धारणीहून परत यायला बस.

चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. हा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. कुठल्या रस्त्यावर सायकल चालेल, नाका किती वाजता उघडतो, कुठे थांबायला मनाई आहे, हे नियम बदलत असतात. निघण्याआधी अमरावती किंवा परतवाड्याच्या वन कार्यालयात जाऊन विचारा आणि नाक्यावर पुन्हा विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, चिखलदऱ्याहूनच परत या. तेवढी सहलसुद्धा पहिल्या वेळेला पुरेशी आहे.

कधी निघायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चपासून खालची सपाटी तापायला लागते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वऱ्हाडात सायकल चालवण्याचा विचारही नको. पावसाळ्यात चिखलदरा सगळ्यात सुंदर असतो हे खरं, पण धुकं, शेवाळलेले कडेचे दगड आणि शनिवार-रविवारची गाड्यांची रांग हे नवख्याचं काम नाही. त्यातून पावसात कच्च्या रस्त्यावर काळी माती लागली तर संपलंच. ती टायरवर थर चढवत जाते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक जागच्या जागी अडकतं. काडीनं उकरत बसावं लागतं.

सुटीचे वार टाळा. मी मंगळवारी किंवा बुधवारी घाट चढायचा ठरवते.

हिवाळ्यात दिवस लहान असतो हे मात्र पक्कं धरून चाला. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि घाटात, डोंगराच्या सावलीत, अंधार त्याच्याही आधी उतरतो. माझ्या कागदावर पहिली ओळ हीच असते: चार वाजता जिथे असेन तिथून मुक्काम दीड तासाच्या आत नसेल, तर सायकल थांबवायची आणि येणारी पहिली एसटी किंवा पिकअप गाडी पकडायची. हा नियम मी दोनदा वापरला आहे. दोन्ही वेळा मनात आलं की अजून थोडं रेटलं असतं तर पोचले असते. कदाचित पोचले असते. पण अस्वलं संध्याकाळीच बाहेर पडतात.

सायकल

नवी महागडी सायकल लागत नाही. लागतो तो हलका गिअर. हा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कारण दुकानात कुणी सांगत नाही. पुढच्या चेनव्हीलला सगळ्यात लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागच्या फ्रीव्हीलला सगळ्यात मोठं २८ दात्यांचं असेल, तर २६ इंची चाकाच्या सायकलवर पायडलच्या एका फेऱ्यात तुम्ही साधारण पावणेदोन मीटर पुढे जाता. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं जास्त. घाटात हाच वेग हवा. बिनगिअरच्या साध्या सायकलवर तोच एक फेरा पाच मीटरच्या आसपास नेतो, म्हणजे प्रत्येक पायडलला जवळजवळ तिप्पट जोर. गावाकडे चालणारी गिअरची कुठलीही मजबूत सायकल चालेल, फक्त पुढे तीन चक्रं आहेत ना आणि त्यातलं लहान चक्र खरंच लागतं ना, एवढं पाहा. बहुतेकांचं लहान चक्र वर्षानुवर्षं न वापरल्यानं चेन त्यावर उतरतच नाही.

टायर पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे घ्या, गोट्या-गोट्यांची नक्षी नको. डांबरावर ती फक्त ओढते.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना, चवडा पायडलवर असताना, गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याची पुढची बाजू दुखली तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखलं तर सीट वर गेली आहे. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते. तीच सवय घाटात गुडघे खाते.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी कधीच करू नका. मी एकदा केलं. शहरातल्या एका दुकानात सगळ्या केबल नव्या टाकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी लांबते, हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. नेमका घाटात गिअर आपोआप सटकायला लागला. जोर लावला की खट्ट, आणि चेन जड चक्रावर. सर्व्हिसिंग दहा-बारा दिवस आधी करा, मग सामान बांधून ५०-६० किलोमीटर चालवा, मग पुन्हा दुकानात नेऊन केबल ताणून घ्या. आणि ती ताणायची कशी ते तिथे उभं राहून शिका. गिअरच्या केबलच्या टोकाला एक छोटी गोल फिरकी असते, ती अर्धा फेरा फिरवायची, बस. पाच मिनिटांचं शिक्षण आहे.

सामान

सायकल सोडून एकूण वजन पाण्यासह १२ किलोच्या आत ठेवा. तंबू नको. जंगलात परवानगीशिवाय तंबू ठोकणं बेकायदेशीर आहे आणि एकट्यानं तर तो मूर्खपणाच. चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाचं निवास आणि खासगी लॉज आहेत, सेमाडोहला वन विभागाचं पर्यटन संकुल आहे. आधी बुकिंग करा. तंबू गेला की गादी, चूल, भांडी सगळंच जातं आणि सायकल चढणाजोगी होते.

कपडे: चालवायचे दोन जोड, रात्रीचा एक, स्वेटर, कानटोपी, हातमोजे. चिखलदरा खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी तरी थंड असतो. एक जुना पेपर ठेवा. चढताना घाम येतो, उतरताना तोच घाम छातीवर गार पडतो. उतरण सुरू होण्याआधी पेपरची घडी शर्टाच्या आत छातीवर सरकवायची. वाऱ्याला यापेक्षा हलकी आणि स्वस्त आडकाठी मला अजून सापडली नाही. मच्छरदाणी किंवा मच्छरांचं मलम घ्याच, मेळघाटात मलेरिया जुना आहे.

हत्यारं: पंप, दोन नव्या ट्यूब, पंक्चरचं सामान, दोन टायर लिव्हर, अॅलन कीचा संच, लहान पाना, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या चेनला बसणारी जोडकडी, ब्रेकची एक आणि गिअरची एक केबल, ब्रेक शूची एक जोडी. आणि हातभर बाइंडिंगची तार.

तारेचं कारण सांगते. घटांगच्या पुढे एका खडबडीत उतारावर मागून खडखड आवाज यायला लागला. बॅगेतलं काहीतरी असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एकदम बॅगसकट कॅरिअर एका बाजूला झुकलं आणि चाकाला घासलं. उतरून पाहिलं तर कॅरिअर फ्रेमला धरणारा एक बोल्ट गायब. छोटासा, ५ मिलिमीटरचा. मागे अर्धा किलोमीटर चालत शोधला, सापडला नाही. शेवटी ट्रॅक्टरवरच्या एका काकांनी ट्रॉलीच्या फळीला गुंडाळलेली तार सोडवून दिली, पक्कडनं तीन वेढे मारले, आणि ते कॅरिअर त्या तारेवर धारणीपर्यंत टिकलं. तेव्हापासून मी रोज सकाळी दात घासायच्या आधी कॅरिअरचे चारही बोल्ट अॅलन कीनं दाबून पाहते. जास्तीचे दोन बोल्ट फ्रेमवरच्या बाटलीच्या जागेत पिळून ठेवलेत, तिथून ते हरवत नाहीत.

सराटा

वऱ्हाडातल्या सायकलवाल्याचा खरा शत्रू वाघ नाही, सराटा आहे. पावसाळ्यानंतर धुऱ्याकडेला, रस्त्याच्या कडेच्या मातीत तो पसरलेला असतो, आणि वाळला की त्याचे काटे दगडासारखे होतात. त्याला जोड बाभळीची. म्हणून सायकल डांबरावरून खाली उतरवताना चालवत नेऊ नका, उचलून न्या. झाडाखाली थांबायचं असेल तरी.

तरी पंक्चर होणारच, तेव्हा घरी अंगणात तीनदा करून पाहा. मागचंच चाक, कारण ते अवघड. सायकल उलटी करण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, चाक काढायला सोपं जातं. ट्यूब बाहेर काढली की थोडी हवा भरा आणि गालाजवळून हळूहळू फिरवा. बारीक भोकाची हवा कानाला ऐकू येत नाही पण गालाला लागते. सापडलं की पेनानं भोवती मोठी फुली काढा, कारण हवा सोडली की ते भोक दिसेनासं होतं. मग टायरकडे वळा, आणि इथे घाई करू नका. नवखे लोक ट्यूब बदलतात, काटा टायरमध्येच राहतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसतात. रुमाल बोटांना गुंडाळून टायरच्या आतून पूर्ण फेरा फिरवा. जिथे रुमालाचा धागा अडकेल तिथे काटा. एक सापडला की थांबू नका, सराट्याचे बहुधा दोन-तीन असतात. मोडलेलं टोक चिमट्यानं किंवा सेफ्टी पिननं बाहेरच्या बाजूला ढकला.

रस्त्यावर ठिगळ लावत बसू नका. नवी ट्यूब घाला आणि निघा. जुनीला मुक्कामावर, रात्री निवांत: घासकागदानं घासा, सोल्यूशन लावा, पाच मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मग ठिगळ. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ सकाळी सुटतं.

तयारी

सपाटीवर राहून घाटाची तयारी कशी करायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. दोन बॅगांत मिळून दहा किलो ज्वारी भरा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चालवा. मोकळ्या शिवारातला समोरचा वारा चढापेक्षा कमी नसतो. अमरावतीजवळ असाल तर पोहऱ्याच्या जंगलाकडचा रस्ता आहे, तिथे खरे चढ मिळतात. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस ४० किलोमीटर. लागोपाठचा दुसरा दिवस महत्त्वाचा. बूड, तळहात आणि मान त्या दिवशी बोलतात. सायकलची पॅड असलेली चड्डी घेतली तर आत दुसरी चड्डी घालू नका, तिची शिवणच सोलते. मांड्यांच्या सांध्यात खोबरेल तेल लावा.

घाटाचा दिवस

परतवाड्याहून साडेसहा-सातला, उजाडल्यावर निघा. नाश्त्याला साधे पोहे खा, तर्री नको. गिला वडा अमरावतीत परत आल्यावर. झणझणीत खाऊन घाट चढलं की घशाशी येतं.

धामणगाव गढीला थांबा. सगळ्या बाटल्या काठोकाठ भरा, एकूण तीन लिटर तरी. आजोबांचं ऐका.

चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. चढात शिरल्यावर जोर लावत बदललात तर चेन कुरकुरते, कधी तुटते. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. श्वास इतका हवा की एक वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. मी मोठ्यानं पाढे म्हणते, त्यानं श्वासही कळतो आणि वळणापलीकडच्या जनावरालाही आपण येतोय ते कळतं. तेराच्या पाढ्यात धाप लागली की वेग कमी.

दर तीन किलोमीटरला किंवा दर अर्ध्या तासाला, जे आधी येईल ते, पाच मिनिटं उतरा. दमल्यावर उतरायचं असं ठरवलं तर तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक थांब्याला दोन घास: गूळ-फुटाणे, चिक्की, खजूर, केळं. हिवाळ्यात आपल्याकडे संत्री असतात, त्यापेक्षा चांगलं घाटात काही नाही. साल मात्र पिशवीत, कारण वास आला की वानरं मागे लागतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ढकलत नेण्यात काहीच कमीपणा नाही. तीव्र वळणावर मी आजही उतरते. बॅगा असलेली सायकल ढकलताना डोंगराच्या बाजूला स्वतः राहा आणि दरीच्या बाजूला सायकल ठेवा.

एसटी मागून आली की हॉर्न वळणाआधीच ऐकू येतो. तिला चढात थांबायला लावू नका, कडेला घ्या. ड्रायव्हर हात करतात, तुम्हीही करा. तेच ड्रायव्हर संध्याकाळी परतताना तुम्ही कुठवर पोचलात ते पाहतात.

गढीपासून वर पोचायला पहिल्यांदा चार तास लागले तर चांगलं चाललंय असं समजा.

उतार

चढात माणूस दमतो, पण लागतं ते उतारात. ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते आणि शू गुळगुळीत होतात. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक नको. दोन्ही ब्रेक एकत्र, कडेच्या खडीवर पुढचा फार हलका. मागे बॅगा असल्या की सायकल थांबायला जास्त अंतर घेते, हे रिकाम्या सायकलवर शिकलेल्या हातांना माहीत नसतं, म्हणून पहिला उतार तुमच्या सवयीच्या निम्म्या वेगानं. प्रत्येक दहा मिनिटांनी थांबून हात झटका. सेमाडोहच्या बाजूला रस्त्यावर गुरं बसलेली असतात, आणि ती घंटी वाजवली तरी उठत नाहीत.

जंगल आणि माणसं

सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर जंगलात सायकल नाही, याला अपवाद नाही. वाघ बहुतेकांना दिसतही नाही. अस्वल आणि रानगवा यांना जास्त जपा, दोघंही दचकले की अंगावर येतात. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत झाडाखाली अस्वल असू शकतं, मी मार्चनंतर जात नाही त्याचं हेही एक कारण. जनावर रस्त्यात दिसलं तर थांबा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, पळू नका. मग एखादी गाडी येईपर्यंत थांबा आणि तिच्या सोबतीनं पुढे जा. फोटोसाठी पुढे जाऊ नका.

मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या. घरच्या एका माणसाकडे तुमच्यासारखाच कागद द्या: कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, तिथला फोन, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं. संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८, वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

बाई म्हणून एकटीनं जाताना भीती वाटत नाही का, हे मला नेहमी विचारतात. मी मुक्कामाचं गाव रस्त्यात कुणाला सांगत नाही, पुढच्या गावाचं नाव सांगते. मुक्कामावर दिवसाउजेडी पोचते. आणि थांबायचं झालं तर जिथे बाया बसलेल्या असतील तिथे थांबते: अंगणवाडी, हापसा, किराणा दुकान. हरिसालच्या अलीकडे एका कोरकू घराच्या ओसरीवर मी तासभर पावसाची सर थांबायची वाट पाहिली. त्या मावशींना मराठी थोडं येत होतं, मला कोरकू अजिबात नाही. त्यांनी काळा चहा दिला, मी त्यांच्या नातीला पंप मारायला दिला. तिनं दोन्ही चाकं दगडासारखी करून टाकली. घराचे, माणसांचे फोटो न विचारता काढू नका. होळीच्या दिवसांत रस्त्यात दोरी धरून फगवा मागतात, थोडे सुटे पैसे ठेवा आणि आनंदानं द्या.

परत येताना

धारणीला पोचलात की आधी घरी फोन. मग बसस्थानकात जाऊन विचारा की कुठल्या गाडीच्या टपावर कॅरिअर आहे, सगळ्यांना आता नसतं. सायकलचं सामान म्हणून तिकीट लागतं, ते मागून घ्या. वर चढवण्याआधी बॅगा, बाटल्या, पंप, दिवा सगळं काढून आत घ्या. सायकल आडवी टाकताना चेनची बाजू वर राहील असं पाहा, खाली दबली तर गिअरचा मागचा घोडा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, वाकतो. हँडल फ्रेमला बांधा, नाहीतर वळणावळणाला ते फिरत राहतं. दोरी स्वतःची न्या, दोन ठिकाणी बांधा, आणि गाठ स्वतः मारा. मग खिडकीशी बसा. सेमाडोहनंतर ती गाडी तुम्ही उतरलेला घाट चढते, आणि ज्या वळणावर तुम्ही थांबून हात झटकले होते ते वळण बरोबर ओळखू येतं.